सिनेमातल्या गोळ्यांचा हिशेब

सांगलीच्या कापड पेठेतील एका जुन्या दुकानदाराच्या घरी दिवाळी आटोपताच वाद सुरू झाला. आठवीत शिकणाऱ्या नातवाला साताऱ्याच्या सैनिक शाळेची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली ही देशातील पहिली सैनिक शाळा. तिच्या लौकिकाविषयी कोणाची तक्रार नव्हती. आजीला अहिंसेची काळजी होती, वडिलांना दुकानाची. आजोबांना, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, वेगळीच शंका होती. नातवाने १९९७ चा ‘बॉर्डर’ मोबाईलवर इतक्या वेळा पाहिला होता की त्यातील संवाद त्याला तोंडपाठ होते. मुलाला सैन्य हवे आहे की सिनेमा, हेच अण्णांना उमगत नव्हते.

अखेर एका रविवारी ते नातवाला घेऊन साताऱ्याजवळच्या अपशिंग्यास गेले. घरोघरी फौजी असलेले हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आल्याचे गाव आजही अभिमानाने सांगते. तेथील एका निवृत्त सुभेदारांनी मुलीच्या लग्नाचा बस्ता अण्णांच्या दुकानात बांधला होता. तेव्हापासूनचा हा घरोबा.

चहा झाल्यावर अण्णांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. “सुभेदार, सिनेमातला नायक घटकाभर न थांबता गोळ्या झाडतो. एवढा माल येतो कोठून?”

सुभेदार मनापासून हसले. “अण्णा, नेमके बोट ठेवलेत! बंदुकीच्या मॅगझिनमध्ये वीस नाहीतर तीस गोळ्या. घोडा दाबून धरला तर तीस गोळ्या तीन सेकंदांत संपतात. शंभर गोळ्यांचे ओझे दोन-अडीच किलो, आणि ते स्वतःच वाहायचे. म्हणून आम्ही मोजून झाडतो. सरावाच्या वेळी तर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा वेचून, मोजून परत कराव्या लागतात. एक कमी भरली तरी शोधत बसायचे.”

हे ऐकून अण्णांचा चेहरा खुलला. रोजमेळ जुळेपर्यंत दुकान न मिटणाऱ्या माणसाला ही शिस्त ओळखीची होती. नातू मात्र हिरमुसला.

मग लोंगेवालाचा विषय निघाला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान त्या ठाण्यावर होते. समोरून चाळीसहून अधिक रणगाडे आणि दोन हजारांवर सैन्य येत होते. जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात मारा करता येत नव्हता. थांबायचे की माघार घ्यायची, हा निर्णय चांदपुरींवर होता, ते थांबले. ठाण्याभोवतीची तार पाहून पुढे सुरुंग असावेत असे शत्रूला वाटले आणि रणगाडे अडखळले. ५ तारखेला उजाडताच विमाने आली आणि उघड्या वाळवंटात रणगाड्यांची दैना उडाली. आपले दोन जवान धारातीर्थी पडले. पडद्यावर मात्र एकामागून एक वीर पडत राहतात.

“आणि सुनील शेट्टीने रंगवलेला तो भैरोसिंग?” सुभेदारांनी नातवालाच विचारले.

“तो शहीद होतो,” नातू तत्परतेने म्हणाला.

“सिनेमात. सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोसिंग राठोड त्या रात्री मशीनगन चालवून सुखरूप राहिले. त्यांना सेना पदक मिळाले. २०२२ च्या डिसेंबरात ते वारले. सिनेमा आला तेव्हा ते जिवंत होते, बाळ.”

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मग त्यांना मारले कशाला?”

“प्रेक्षकांना रडू यावे म्हणून. घरी परतलेल्याची शेती आणि गुडघेदुखी तिकीट काढून कोण बघणार?”

बंदुकीतून किती गोळ्या सुटतात याची चूक एक वेळ सोडून देता येईल. करमणुकीत तेवढे चालायचेच. पण जिवंत माणसाला त्याच्या खऱ्या नावानिशी मृतांच्या रकान्यात टाकणे अण्णांना फार लागले. पेढीवर अशी नोंद करणाऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी उभे केले नसते.

निघताना त्यांनी घरून योजून आणलेला प्रश्न विचारला. सैन्यात शाकाहारी माणसाचे कसे निभते? मांस न घेणाऱ्याला त्याऐवजी दुसरा शिधा मिळतो, असे सुभेदारांनी सांगितले. आजीसाठी एवढे उत्तर पुरेसे होते.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून परतीच्या वाटेवर गाडी पेठ नाक्यावर थांबली. हे पेठ मुरलीकांत पेटकरांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ २०२४ मध्ये आला. गोळी लागल्यानंतर पुढे काय, हे निदान एका चित्रपटाने दाखवले, असे अण्णा म्हणाले. नातवाचे लक्ष तिकडे नव्हते.

“आजोबा, विमाने उजाडल्यावरच येणार हे त्यांना रात्रीच ठाऊक होते?”

“होय.”

“आणि तरी नुसते थांबायचे?”

“थांबायचे. गोळ्या मोजत.”

सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी अण्णांनी नातवाच्या वडिलांना संगणकासमोर बसवले आणि अर्ज भरून घेतला. परीक्षेचे शुल्क त्यांनी दुकानाच्या खात्यातून न भरता स्वतःच्या बचत खात्यातून भरले.