वीस गेले, वीस आले

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, की आमच्या घरात पुढचा वेळ नातीच्या अभ्यासाचा. ती सातवीत आहे. मी बी. ए. झालेली, तेही मराठी घेऊन. गणिताशी माझं एस. एस. एल. सी.लाच बिनसलं. तरी मी वाती वळत तिच्याशेजारी बसते.

परवा शेकडेवारीची गणितं चालली होती. तिनं विचारलं, "आज्जी, १०० रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी उतरली, मग २० टक्क्यांनी चढली. आता किती?"

"शंभरच की! वीस गेले, वीस आले."

ती हसली. "नाही, ९६. आधीचे वीस टक्के शंभराचे, म्हणून २० गेले. राहिले ८०. आता वीस टक्के त्या ऐंशीचे, म्हणजे १६च आले. टक्का कशाचा, ते आधी बघायचं असतं."

माझ्या हातातली वात तशीच राहिली.

२०२० साली लॉकडाउनमध्ये आमचं कापडाचं दुकान बंद होतं. तेव्हा यांनी घरखर्चाचे २०,००० वीस टक्क्यांनी कमी केले. त्याचं मला काहीच वाटलं नाही, वेळच तशी होती. पुढच्या दिवाळीत धंदा सावरला. हे म्हणाले, "वीस टक्के कापले होते, वीस टक्के वाढवले. झालं पहिल्यासारखं." मी मान हलवली.

पण महिनाअखेर काही जुळेना. महागाई होतीच. तरी मला वाटायचं, आपलाच हात सैल सुटलाय. मी माझं मासिक बंद केलं, पुस्तकं घेणं थांबवलं. कुणाला बोलले नाही.

त्या रात्री नातीच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. २०,००० चे झाले १६,०००. त्यावर वीस टक्के म्हणजे ३,२००. एकूण १९,२००. महिन्याला ८०० कमी, वर्षाला ९,६००. आणि नंतरची प्रत्येक वाढ त्या कमी रकमेवरच बसलेली! पहिल्यासारखं व्हायला ४,००० हवे होते. फरक भागिले ज्यावर वाढ करायची ती रक्कम, गुणिले शंभर. म्हणजे पंचवीस टक्के.

वही यांच्यापुढे ठेवली. यांनी दोनदा कॅल्क्युलेटर दाबून बघितला.

"अहो, दुकानातल्या मालावर असा हिशेब चुकला असता का?"

बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "चुकलंच माझं. पण तू तेव्हाच विचारायचं होतंस की."

ते मला लागलं, कारण खरं होतं. नवव्या शतकात याच कानडी मुलखात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. व्याजाचे हिशेबसुद्धा आहेत त्यात. बस्तीत त्यांचं नाव निघालं की आम्ही बायका अभिमानानं ऐकतो, आणि घरी येऊन हिशेब मात्र पुरुषांवर सोपवतो. मला कुणी फसवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

एक तारखेला यांनी रक्कम दुरुस्त करून दिली. मी त्यांच्यासमोरच मोजली. खर्चाच्या वहीत आता टक्का लिहायच्या आधी मी मूळ रक्कम लिहिते. मासिकही पुन्हा सुरू केलंय. त्याची वर्गणी मधल्या काळात किती टक्क्यांनी वाढली, ते माझं मीच काढलं. नातीनं तपासून बरोबरची खूण केली.