इंजिनरूमपर्यंतची चार वर्षे

सागरी अभियांत्रिकीची बी.टेक. पदवी चार वर्षांची असते. भारतात या शिक्षणाची मुख्य संस्था म्हणजे २००८ साली स्थापन झालेली इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी; मुंबई आणि कोलकात्यातही तिचे परिसर आहेत. ऊष्मागतिकी, बॉयलर, विद्युतयंत्रे, जहाजाचे स्थैर्य हे विषय टप्प्याटप्प्याने येतात. वर्कशॉपमधले कंटाळवाणे कानस घासणेही तितकेच महत्त्वाचे, कारण भर समुद्रात सुटा भाग मागवता येत नाही.

अभ्यासाचा गाभा मात्र मंदगती टू-स्ट्रोक डिझेल इंजिन. कित्येक मजले उंच असलेले हे धूड मिनिटाला शंभराच्या आसपासच फेरे घेते, म्हणून ते गिअरबॉक्सशिवाय थेट प्रोपेलरला जोडता येते. त्याचे जड इंधन गार असताना डांबरासारखे. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय ते नीट फवारले जात नाही. आकृतीत हे सारे निमूट दिसते. खरी इंजिनरूम चाळीस अंशांपलीकडे तापते, आणि तिथला शिकाऊ हळूहळू कानांनी विचार करू लागतो. लय किंचित बदलली तरी पोटात गोळा येतो. ही धास्ती कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ती नसलेला अभियंता मात्र धोकादायक.

नुसत्या पदवीवर इंजिनची पाळी सांभाळता येत नाही. त्यासाठी किमान सहा महिने जहाजावर काढून चौथ्या वर्गाची सक्षमता परीक्षा द्यावी लागते.