शेजारची किल्ली

आमच्या घरी दिवाळीचा फराळ होत नाही, आणि तरीही दिवाळीत आमच्या घराइतका फराळ गावात दुसऱ्या कोणाकडे नसेल. आष्टी तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात ख्रिस्ती घरे तीनच. त्यामुळे प्रत्येक शेजारणीला आपले ताट आमच्याकडे धाडावेसे वाटते. नाताळात आमच्या करंज्या त्याच ताटांतून परत जातात. ताट रिकामे परतवायचे नाही, हा नियम काही बायबलातला नाही. पण माझ्या आईने तो दहा आज्ञांच्या बरोबरीने पाळला.

2018 ची दिवाळी मात्र मी खाटेवरून पाहिली. नवरात्राच्या सुमारास विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, गाठीची शिल्लक संपली, आणि दोन महिने उठायचे नाही अशी ताकीद मिळाली. मी निवृत्त शिक्षक. जन्मभर पोरांना ‘उभा राहा’ म्हणत आलेल्या माणसाला ‘पडून राहा’ यासारखी शिक्षा नाही!

समाचाराला माणसे येत. आमच्या मंडळीतले म्हणत, ही देवाने घेतलेली परीक्षा आहे. शेजारपाजारचे म्हणत, मागल्या जन्मीचे काही देणे असेल. दोघांचेही ऐकून घेतल्यावर पाय सारखाच ठणके. रात्री झोप नसे, तेव्हा मी ईयोबाचे पुस्तक उघडी. ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि सगळे बिघडले. ही गोष्ट मी मुलांना कितीदा तरी सांगितली असेल, पण त्या मुक्या आठवड्यापाशी कधी थांबलो नव्हतो. अर्थात त्या रात्रींतही ईयोब म्हणजे मीच, याविषयी मला शंका नव्हती.

दिवाळी झाली आणि गाव रिकामे होऊ लागले. बीड जिल्ह्यात हे दरसालचेच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊस तोडायला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, हे मी इतकी वर्षे ऐकत आलो आणि मला त्यात वावगे काही वाटले नाही.

शेजारची आक्का निघायच्या आदल्या संध्याकाळी आली. तिने माझा समाचार घेतला नाही. उंबऱ्याशी बसली आणि माझ्या पायाकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळाने उठून स्वयंपाकघरात गेली. तिथले बोलणे मला खाटेवर ऐकू येत होते.

“काकू, सासूबाई असती तर पोराला तिच्यापाशी ठिवलं असतं. आता हितं ऱ्हाऊ द्या. पाचवीत हाय.”

“राहू दे की. पण तू अशी वाकून का चालतेस गं?”

“पिशवी काढल्याली हाय ना. तीन वर्सं झाली. मोळी उचलली की डोळ्यांम्होरं अंधारी येती. पर खाडा झाला की पैसं कापत्यात.”

तीन वर्षे! आमची भिंत एक. त्या तीन वर्षांत तिची तीन ताटे मी खाल्ली होती.

मला माझीच एक गोष्ट आठवली. आमच्यापासून जवळच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली खेड्यांतल्या आरोग्याचे काम सुरू केले. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी प्रार्थनामंदिरात त्यांच्यावर भाषणे केली आहेत. ते औषध देऊ पाहत होते आणि लोकांना आधी अन्न आणि पाणी हवे होते, तेव्हा त्यांनी आधी अन्नपाण्याचे पाहिले, हे मी मोठ्या रंगात सांगे. लोकांना काय हवे ते आधी विचारावे, हे सांगणाऱ्या मी शेजारणीला तीन वर्षांत ‘बरी आहेस ना?’ एवढेही विचारले नव्हते.

आक्का गेली. तिच्या घराची किल्ली आमच्या खुंटीवर आणि तिचा पोरगा माझ्या खाटेपाशी राहिला. त्याचे अपूर्णांक कच्चे होते. दरसाल निम्मे वर्ष उसाच्या फडात काढलेल्या पोराचे ते पक्के कुठून असणार? मी आडवा पडून शिकवी, तो पाटीवर सोडवी. रात्री आमची प्रार्थना होई तेव्हा तो डोळे मिटून बसे. एके रात्री म्हणाला, “गुरुजी, तुम्ही रोज पायाचं म्हणता. माझ्या आईचं कधी म्हणता?”

बायकोने माझ्याकडे पाहिले नाही. तेवढी दया तिने केली.

पुढे 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांहून अधिक बायांची पाहणी केली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. वर्तमानपत्रात तो आकडा वाचताना माझ्यापुढे एकच बाई उंबऱ्याशी बसलेली होती.

माझा पाय आता थोडा आखूड आहे. आक्का अजून जाते. पोरगा बीडला शिकतो. ही दिवाळी झाली की ती किल्ली द्यायला येईल. काठी टेकीत दारापर्यंत मीच जाईन म्हणतो. ‘कंबर कशी आहे?’ हे विचारायचे आहे, आणि मग ती सांगेल तितका वेळ तिथेच बसायचे आहे. बायको म्हणते, दारात गार वारा असतो, घोंगडी घेऊन बसा.