भरून घेतलेल्या टेपा

मूळ गाणं कोणतं, हा प्रश्न आमच्या पुण्याच्या घरात कुणाला पडत नसे. मल्लिकार्जुन मन्सूर एकच राग तीन बैठकांत तीन तऱ्हांनी मांडत आणि तिन्ही वेळा तो खराच असे. दुकानात मिळणारी तबकडी म्हणजे त्यांतलीच आणखी एक बैठक, तीही आखडलेली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, एलपी आल्यावर वीस-बावीस. ज्या ख्यालाला गवई सहज तासभर देतो, त्याचं तिथे काय होणार? म्हणून माझे वडील आणि त्यांचे मित्र मैफली भरून घेत.

त्या मित्रांत एक काका होते. बँकेत नोकरी, आणि पगाराचा मोठा वाटा रिळांवर. त्यांच्याकडे ग्रुंडिगचा स्पूल टेपरेकॉर्डर होता. सात इंची रीळ, सेकंदाला पावणेचार इंचांचा वेग. फीत पातळ असली तर एका बाजूवर दीड तास निघे. बैठकीला ते सगळ्यांच्या आधी पोचत, प्लग कुठे आहे ते बघून ठेवत आणि गवई आले की हात जोडून परवानगी मागत. सगळेच देत नसत. केसरबाई केरकर याबाबत किती कडक होत्या ते त्या पिढीला ठाऊक होतं, आणि त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज तर कुठल्याच तबकडीवर नाही. आपली विद्या ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडू नये, ही त्या लोकांची भावना काकांना मान्य होती. नकार आला की ते यंत्र मिटून ठेवत आणि मागे जाऊन ऐकायला बसत. लपवून भरणाऱ्यांची त्यांना चीड होती.

त्या टेपांत गाण्याखेरीज बरंच काही असे. तानपुरे जुळवणं, तबल्यावर हातोडी, मध्येच मागितलेलं पाणी, समेवर उठलेली दाद. लहानपणी मी ती दाद ऐकूनच सम ओळखायला शिकले. आधी माणसं कळली, मग ताल. प्रत देण्याचे नियमही पक्के होते. कोरी फीत आपली न्यायची, सोबत आपल्याकडची एखादी बैठक न्यायची, पैशाचा विषय काढायचा नाही. काकांच्या वहीत तारीख, जागा, राग, साथीदार हे रकाने असत आणि शेवटचा रकाना ‘कोणाकडून’ असा.

कॉलेजसाठी मुंबईला गेले आणि वसतिगृहात रॉक संगीत कानावर पडलं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये बूथमध्ये उभं राहून तबकडी ऐकता येई. विकत घेण्याइतके पैसे नसत, पण ऐकून ऐकून गाणी पाठ झाली. मला त्यात एक गोष्ट खटकत राही. गाणं दर वेळी तंतोतंत तेच. गिटारची जागा तीच, घेतलेला श्वाससुद्धा तोच. मग एका मैत्रिणीच्या भावाने परदेशातून आणलेली कॅसेट हाती आली. लेड झेपलिन, लॉस एंजेलिसचं फोरम, ४ सप्टेंबर १९७०. प्रेक्षकांत बसून कुणीतरी भरलेली ती रात्र ‘लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल’ या नावाने चोरून छापली गेली होती. त्या तबकडीवरून कॅसेट, त्या कॅसेटवरून ही कॅसेट. आवाज गढूळ होता. पण भरणाऱ्याच्या आसपास माणसं होती, ओरडत होती, आणि गाणं तबकडीची वेस ओलांडून भलतीकडेच निघालं होतं. हे ऐकायचं कसं ते मला माहीत होतं. घरी हेच शिकले होते.

याच बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईला आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी स्टुडिओत भरली. ती रीतसर प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडलं. तोवर ती होती फक्त चोरट्या प्रतींत. मी जिथे रोज बसने फिरत होते त्याच शहरात वाजलेलं ते संगीत मला पुढे अमेरिकेत, एका बर्फाळ गावात, टपालाने आलेल्या कॅसेटवर ऐकायला मिळालं.

चोरट्या छपाईचा हा धंदा रॉकमध्ये सुरू झाला तो १९६९ साली, लॉस एंजेलिसमध्ये. बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांच्या दोन तबकड्या कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकल्या गेल्या. लोकांनी त्यांना ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हटलं. कलावंतांचा संताप मला समजतो. फ्रँक झॅपाने तर वैतागून १९९१ साली आपल्याच चोरट्या तबकड्या स्वतः अधिकृतपणे बाजारात आणल्या. दुसऱ्याच्या मैफलीवर पैसे करणं ही चोरीच, त्यात मला कधी शंका वाटली नाही. तरीही एक मान्य करायला हवं. डिलनची १७ मे १९६६ची मैफल कितीतरी वर्षं लोकांपर्यंत पोचली ती या चोरांमुळेच. प्रतींवर नाव लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं होतं, मैफल झाली होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये. डिलनने हाती विजेची गिटार घेतली म्हणून चिडलेला एक श्रोता त्यात ‘जूडस’ असं ओरडतो. १९९८ साली ती टेप अधिकृतपणे आली तेव्हाही सगळ्यांनी आधी शोधली ती ही आरोळीच. गाणाऱ्याइतकाच ऐकणाराही त्या रात्रीचा भाग असतो हे मला इतकं ठसठशीतपणे दुसऱ्या कुठल्या टेपेने दाखवलं नाही.

१९८५ साली मी शिकायला न्यूयॉर्क राज्यात गेले आणि तिथे ग्रेटफुल डेडची माणसं भेटली. या बँडने दारं उघडी ठेवली होती. आपलं वाजवून झालं की ते लोकांनी न्यावं, अशी जेरी गार्सियाची भूमिका होती. १९८४च्या ऑक्टोबरपासून, बर्कलीतल्या मैफलींपासून, भरून घेणाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं सुरू झाली होती. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा ध्वनिव्यवस्थेच्या टेबलामागे उंच काठ्यांवर मायक्रोफोनचं रान उगवलं होतं. खाली सोनीची डी-फाइव्ह यंत्रं, मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी, आणि वेष्टनं आधीच फाडून ठेवलेली, म्हणजे बदलताना वेळ जायला नको. कुणी बोलत नव्हतं, टाळी वाजवत नव्हतं. माझ्या तोंडून एकदा सवयीने ‘वा!’ निघालं आणि शेजारच्याने हळूच ओठांवर बोट ठेवलं. समेवर गप्प राहायला मला तिथे शिकावं लागलं, आणि खरं सांगते, ते शिकायला फार जड गेलं.

देवाणघेवाणीचे नियम मात्र काकांचेच. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, किंवा टेपेच्या बदल्यात टेप द्यायची. विकणाऱ्याशी कुणी बोलत नसे. १९७४ साली घरगुती पत्रक म्हणून निघालेल्या ‘रेलिक्स’ मासिकात देवाणघेवाण करणाऱ्यांच्या जाहिराती येत, त्यांतल्या पत्त्यांवर मी याद्या पाठवायची. महिनाभराने जाड पाकीट येई. आत कॅसेट, तिच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत तारीख, गाव, गाण्यांचा क्रम, आणि ही कितव्या पिढीची प्रत आहे ते. पहिल्या पिढीत सगळं स्वच्छ. चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत खरखर इतकी वाढे की झांज कुठली आणि फितीचा आवाज कुठला ते कळेनासं होई. कुणाच्या यंत्राचा वेग किंचित जास्त असे आणि काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे सरके. मी सामानात पुण्याहून बाजाची पेटी नेली होती. आलेली प्रत्येक टेप आधी तिच्याशी ताडून पाहायची आणि वेग चढला असेल तर पाठवणाऱ्याला कळवायची. त्या मंडळींत माझी थोडीफार ओळख झाली ती या पेटीमुळे.

ग्रेटफुल डेडचं ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा ते पावणेतीन मिनिटांचं होतं. मैफलीत तेच वीस-पंचवीस मिनिटं चाले. चार स्वरांची ओळखीची जागा घ्यायची, तिला सोडून लांब जायचं आणि ती विसरली असं वाटत असताना परत यायचं. मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. माझे अमेरिकन मित्र एका गाण्याच्या पन्नास-पन्नास रात्री गोळा करत आणि त्यांच्या घरचे त्यांना विचारत, तेच तेच काय ऐकता? मला वाटतं, तेच तेच नसतं ते, हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं.

नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि बँड एका बैठकीत त्याहून जास्त वाजवी. बाजू उलटायची वेळ नेमकी गाण्याच्या मध्यावर येई. म्हणून शेजारीशेजारी उभे असलेले दोघं ठरवून वेगवेगळ्या वेळी कॅसेट उलटत. एकाच्या टेपेत पडलेलं खिंडार दुसऱ्याच्या टेपेतून भरून निघे.

या सगळ्या व्यवहारात एक वाद कायम चाले आणि तो मला आजही मनापासून महत्त्वाचा वाटतो. बँडच्या ध्वनियंत्रणेतून थेट काढलेली टेप चांगली, की प्रेक्षकांत बसून भरलेली? बहुतेकांचं मत थेट टेपेच्या बाजूने. त्या टेपांत सगळ्यांत नावाजलेल्या बेटी कँटर-जॅक्सनच्या. ती बँडबरोबर काम करणारी ध्वनिमुद्रक. पुरुषांनी भरलेल्या त्या जगात तिचं नाव आदराने घेतलं जाई याचा मला फार आनंद होता. १९८६ साली गोदामाचं भाडं थकलं म्हणून तिच्या सामानाचा लिलाव झाला आणि शेकडो रिळं अनोळखी लोकांकडे गेली. त्यांतून बाहेर आलेली ८ मे १९७७ची इथाकाची मैफल, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली, इतकी हातोहात फिरली की पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ठेव्यात घेतली. २०१७ साली ती अधिकृतपणे निघाली. बेटीने प्रत्येक वाद्य असं काही जागच्या जागी बसवलं आहे की ऐकताना हात जोडावेसे वाटतात.

पण त्याच रात्रीची जेरी मूर यांनी प्रेक्षकांतून भरलेली टेपही आहे, आणि मी परत परत तिच्याकडे वळते. ‘रेलिक्स’चे पहिले संपादक ते हेच. त्या टेपेत बार्टन हॉल ऐकू येतो, म्हणजे कवायतीसाठी बांधलेली ती प्रचंड जागा, तिच्या छतावरून परतणारा ढोल. मे महिन्यात बाहेर बर्फ पडत होतं आणि आत कोंदलेली माणसं होती. गाणं कुठे पोचतंय ते बँडच्या आधी त्यांना कळल्यासारखं ती ओरडतात. बेटीच्या टेपेत संगीत आहे. मूर यांच्या टेपेत ते कुणाला तरी ऐकू येत आहे. एकच ठेवायची वेळ आली तर मी दुसरी ठेवीन.

माइक मिलार्डबद्दलही सांगायला हवं. लॉस एंजेलिसच्या मैफलींत तो चाकाच्या खुर्चीत बसून आत जाई. चालता येत नव्हतं असं काही नाही. खुर्चीखाली जड नाकामिची यंत्र लपवलेलं असे. लेड झेपलिनची २१ जून १९७७ची फोरममधली रात्र त्याने भरली आणि तिच्याइतकी जिवंत टेप मी रॉकमध्ये दुसरी ऐकलेली नाही. लपवून भरणं काकांना चाललं नसतं. मला मिलार्डचं कौतुक आहे आणि काकांचंही पटतं. ही गाठ मला सोडवता आलेली नाही.

आणि मग आउस्ली स्टॅन्ली. डेडचा सुरुवातीचा ध्वनितंत्रज्ञ, जे समोर येईल ते भरून ठेवणारा. २९ मे १९७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने अली अकबर खाँसाहेबांची मैफल भरली. सोबत सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य, तबल्यावर एकोणीस वर्षांचे झाकीर हुसेन. ती टेप २०२० साली प्रसिद्ध झाली. ज्या माणसाने डेडच्या रात्री टिपल्या त्याच्याच कानांनी टिपलेली सरोद ऐकताना माझी दोन घरं एकाच भिंतीची निघाली.

आता हे सगळं घरबसल्या मिळतं आणि ते चांगलंच आहे. टपालाची वाट बघण्यात काही पुण्य होतं असं मी म्हणणार नाही. निवृत्तीनंतर माझ्याकडच्या टेपा संगणकावर उतरवायचं काम काढलं आहे, काकांच्या मुलीने सोपवलेल्या रिळांसकट. जुन्या मॅक्सेल अजून बिनतक्रार वाजतात. नव्वदीत हौसेने घेतलेल्या डॅट, म्हणजे डिजिटल, टेपा मात्र जागोजागी गळायला लागल्या आहेत, त्यांची चालती यंत्रंही दुर्मीळ, म्हणून डॅट आधी आणि बाकी नंतर. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन छोट्या स्क्रू ड्रायव्हरने जुळवावा लागतो. भरणाऱ्याच्या यंत्राशी तो जमला की धुकं गेल्यासारखी झांज उघडते.

उतरवताना पुष्कळ जण गाण्यांमधल्या फटी कापून टाकतात. मी कापत नाही. वाद्यं जुळवण्याची मिनिटंही ठेवते आणि शेवटचं गाणं संपल्यानंतरची फीतही संपेपर्यंत घेते. ४ जुलै १९८९ची बफलोजवळच्या रिच स्टेडियममधली टेप मी स्वतः भरलेली आहे. तिच्या शेवटी एक बाई गाडी नेमकी कुठे लावली होती यावरून नवऱ्याला फैलावर घेते आहे, आणि तो अजून शेवटच्या गाण्याची चाल गुणगुणत तिला हो-हो म्हणतो आहे.