थोरलीचा वाटा

पार्ल्याच्या आमच्या घरात आम्ही चार भावंडं. धाकटा इंजिनिअर झाला, आपा दहावीनंतर घरीच राहिल्या. नातेवाईक म्हणतात, "धाकट्याचं डोकंच तल्लख!" पण त्याचे पाढे आपांनी घेतले, त्याला शाळेत नेलं-आणलं आपांनी, अम्मी आजारी असताना चूल सांभाळली तीही आपांनीच.

नॉर्वेत सुमारे अडीच लाख तरुणांच्या बुद्धिचाचणीचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात थोरल्यांचे गुण सरासरीने थोडे अधिक होते. मात्र ज्यांचं मोठं भावंड लहानपणीच वारलं, त्या दुसऱ्या मुलांचे गुणही थोरल्यांइतकेच निघाले. म्हणजे फरक जन्माच्या क्रमाचा नाही, घरात मिळणाऱ्या जागेचा आहे.

आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आईवडिलांचं चौदावं अपत्य. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या पुस्तकांसाठी वडील रामजी आपल्या विवाहित मुलींकडून पैसे आणत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. धाकट्याच्या यशात थोरल्या बहिणींचा असा वाटा असतो.

इल्म मिळवणं प्रत्येकावर फर्ज आहे, असं आपण मुलांना सांगतो. त्या 'प्रत्येका'त थोरली मुलगीही येते.

आपांनी यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे; बारावीला बसणार आहेत. संध्याकाळचे दोन तास त्यांच्या अभ्यासाचे. तेवढ्या वेळातलं घरकाम आम्ही तिघांनी वाटून घेतलं आहे. इंजिनिअरसाहेबांकडे भांडी आली आहेत.