आधी दराची पाटी, मग नाव-गाव

महाशिवरात्र आली, श्रावणातले सोमवार आले की आमच्या परळीत पाय ठेवायला जागा राहत नाही. लॉज भरतात, धर्मशाळा भरतात आणि मग घराघरांतून खोल्या निघतात. कोणी पुढची खोली देतो, कोणी माडीवरची. एका रात्रीचे भाडे ठरते, पैसे रोख. औष्णिक विद्युत केंद्राच्या कामावर आलेले कंत्राटी मजूर, लग्नाचे पाहुणे, परीक्षेला आलेली पोरे यांनाही अशाच खोल्या लागतात. आता तर मोबाईलवरूनही खोली ठरते. धंदा वाईट नाही. घरवाल्याला चार पैसे मिळतात, पाहुण्याची सोय होते. प्रश्न एवढाच की या खोल्यांचा कारभार कोणत्या नियमाने चालतो ? आणि नियम पाळला गेला नाही, तर त्याचा चटका कोणाला बसतो ?

आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या वेळी नांदेडहून आठ पाहुणे येणार होते. आम्ही दोन खोल्या बघितल्या. घरमालकाने खोल्या उघडून दाखवल्या, दर सांगितला, गाद्या मोजून दिल्या, चहासुद्धा पाजला. मग वही काढून पाहुण्यांची पूर्ण नावे विचारली. आडनाव ऐकले आणि त्याचा हात थांबला. "अहो, पोराने कालच दुसऱ्याला शब्द दिलाय, माझ्या ध्यानातच राहिलं नाही," असे तो म्हणाला. संध्याकाळी त्याच खोल्यांत दुसरे लोक उतरलेले आम्ही पाहिले. आमचे पाहुणे आमच्या दोन खोल्यांत आणि शेजाऱ्याच्या ओट्यावर झोपले. त्यात एक सत्तरीची म्हातारी होती. ती म्हणाली, "आपल्याला काही हे नवं नाही बाबा." खोली नाकारल्यापेक्षा तिचे हे बोलणे आम्हाला जास्त लागले.

आम्ही पडलो कारकून. कायद्याचे पुस्तक काढून बसलो. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 सालचा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये हॉटेलात, धर्मशाळेत, सराईत, मुसाफिरखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंडही. 'हॉटेल' या शब्दाची व्याख्याही तिथेच दिली आहे. तिच्यात लॉजिंग आणि बोर्डिंग दोन्ही येतात. कलम 12 तर फार मोलाचे आहे. असा गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. आणि 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला आहे.

म्हणजे कायदा आहे आणि तो भक्कम आहे. मग अडते कुठे ? अडते ते कागदापाशी. त्या दिवशी खोल्या रिकाम्या होत्या याला पुरावा काय ? दाराला पाटी नव्हती, वहीत आमची नोंद नव्हती, अनामतीची पावती नव्हती. आमचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढेच. फौजदाराने तरी काय लिहून घ्यावे ?

वही म्हटले की बडोदा आठवल्यावाचून राहत नाही. 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहाच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि खोली सोडावी लागली. पुढे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वहीत खऱ्या नावाला जागा नव्हती. आज आपण खरे नाव सांगतो. ते वहीत चढलेच पाहिजे, अशी सोय करून घेणे आपल्याच हाती आहे.

मुक्कामाच्या जागांवर सरकारने लक्ष ठेवणे ही काही नवी गोष्ट नाही. इंग्रजी मुलखात 1867 सालीच सराईंचा कायदा झाला आणि सराईवाल्याला सरकारदरबारी नोंद करावी लागू लागली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे मुंबई राज्यात 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला, त्याच्या नावातच हॉटेल आणि लॉजिंगचे दर होते. शेजारच्या गोव्यात 1982 च्या कायद्याने पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. तेव्हा परळीसारख्या यात्रेच्या गावात नगरपरिषदेने यात लक्ष घालावे, हे मागणे काही जगावेगळे नाही.

आमचे मागणे साधे आहे. रोजभाड्याने खोली देणाऱ्या प्रत्येक घराची नोंद व्हावी. दारावर पाटी असावी : खोल्या किती, आज रिकाम्या किती, दर काय. पाहुण्याने आधी पाटी वाचावी, खोली सांगावी, अनामत भरून पावती घ्यावी आणि मगच ओळखपत्र दाखवावे. पोलिसांना माहिती हवी असते, ती द्यावीच, त्याला आमची ना नाही. पण ओळखपत्र बघून खोली द्यायची की नाही हे ठरता कामा नये. वहीला पानांचे अनुक्रमांक असावेत आणि खोली नाकारली तर त्याचे कारण त्याच वहीत लिहावे. कारण लिहायची वेळ आली की पुष्कळ कारणे आपोआप नाहीशी होतात, हा आमचा कचेरीतला अनुभव आहे.

या नियमांचा काच आपल्याच लोकांना बसेल, अशी भीती काहींनी बोलून दाखवली. ती खोटी नाही. आपल्या वस्तीतही एखादी विधवा बाई यात्रेत एक खोली देऊन पोराच्या वह्या-पुस्तकांचा खर्च काढते. तिला लॉजवाल्याइतकी फी आणि तितक्याच चकरा नकोत. एक-दोन खोल्यांसाठी एक पानाचा अर्ज आणि नाममात्र फी असावी. पाणी, संडास, आग लागली तर बाहेर पडायला वाट, एवढे मात्र तिच्याकडेही तपासावे. आणि एक लक्षात ठेवावे. मजूर महिनोन्महिने राहणार असेल तर तो रोजचा पाहुणा नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे त्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाहुणा म्हणून जाल तेव्हा पावती मागा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मुक्काम आणि भोजन या सेवाच आहेत. पावती न देणे ही अनुचित प्रथा ठरते आणि जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. खोली नाकारली तर तारीख, वेळ, काय बोलणे झाले आणि सोबत कोण होते, हे त्याच रात्री लिहून ठेवा.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन आम्ही लिहून तयार केले आहे. रविवारी वंदनेनंतर ते विहारात वाचून दाखवू. खोली देणाऱ्यांनी यावे, खोली नाकारलेल्यांनीही यावे. वाचून, काही सुचले तर सांगून, मग सही करावी. येत्या महाशिवरात्रीच्या आधी ते कचेरीत दाखल करून पोच घ्यायची आहे.