एक रॅक, दोन गाड्या आणि आईची सायकल

आईने पन्नाशीत पुन्हा सायकल हातात घेतली, आणि आमच्या घरचे रविवार बदलले. पण आम्ही राहतो तेलीबागेत. रायबरेली रोडवर ट्रक आणि ई-रिक्षांच्या मधून तिने सायकल चालवावी, हे कुणालाच पटत नाही. मग सायकली गाडीला लावून मोकळ्या रस्त्यावर न्यायच्या, असं ठरलं. सायकली दोन, आईची लेडीज आणि भावाची गिअरची. गाड्याही दोन, बाबांची हॅचबॅक आणि मामांची मागच्या दाराला स्टेपनी असलेली एसयूव्ही. रॅक मात्र एकच घ्यायचा, अशी बाबांची अट.

परदेशी व्हिडिओ बघितले तर उत्तर सोपं वाटतं: हिच रॅक. गाडीच्या मागे, बंपरखाली, चॅसीला बोल्टने बसवलेली एक चौकोनी नळी असते. रॅकचा दांडा तिच्यात सरकवायचा, पिन लावायची, झालं. खरी मेख इथेच आहे. रॅक एका गाडीतून दुसरीत जातो, नळी जात नाही. ती प्रत्येक गाडीला वेगळी बसवावी लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या तिच्याशिवायच येतात. त्यातही मापं दोन: अमेरिकेत 2 इंच आणि सव्वा इंच. युरोपात तर नळीऐवजी 50 मिलिमीटरचा गोळा असतो. त्यामुळे ऑनलाइन रॅक मागवण्याआधी तो कशावर बसतो, हे तुम्ही नक्की वाचा.

वजनाचा हिशोब तर करायलाच हवा. सायकल हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. आईची सायकल टोपली आणि स्टँडसकट 19 किलो भरली, भावाची 15. हिच रॅक स्वतःच 15-20 किलोचा असतो. म्हणजे 50 किलोच्या आसपास ओझं गाडीच्या मागे लटकणार. स्टेपनी असेल तर रॅक आणखी बाहेर काढावा लागतो, आणि जितका बाहेर तितका ताण जास्त. खड्ड्यात तो ताण किती वाढतो, हे लखनौकरांना काय सांगायचं!

चौकातले एक वेल्डिंगवाले भैया म्हणाले, “पाइप वेल्ड कर देंगे, दस मिनट का काम है.” मला ते अजिबात पटलं नाही. चॅसीवर मनाने वेल्डिंग केलं तर तिची ताकद कमी होऊ शकते. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे. आणि साठच्या वेगात सायकल निसटली, तर मागच्या स्कूटरवाल्याने काय करायचं?

शेवटी हॅचबॅकसाठी डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक ठरला. त्याचे हुक पत्र्याच्या कडेला अडकवायचे, प्लास्टिकच्या स्पॉयलरला नाही. अशा अनेक रॅकना एका सायकलमागे 15 किलोचीच मर्यादा असते, म्हणून आम्ही जास्त वजन पेलणारा शोधला आणि आईच्या सायकलची टोपली, स्टँड दोन्ही काढून ठेवले. लेडीज सायकलला वरचा आडवा दांडा नसतो, तो जोडायचा सुटा बार वेगळा घ्यावा लागला. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हे मागे उभं राहून बघायचं. निघाल्यावर दोनेक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे.

मामांच्या गाडीला हा रॅक बसत नाही, स्टेपनी आडवी येते. तिथे सरळ मागची सीट पाडायची, पुढची चाकं काढायची आणि सायकली आत. बाबा अजून कुरकुरतात, पण त्यांच्या “एकच रॅक” या अटीत हे बसतं.

रॅकवर जड सायकल गाडीच्या जवळ लावायची आणि हलकी बाहेर. भावाला आपली सायकल आत हवी होती. पण टोपली काढूनही आईचीच जड.